‘प्रति’नंतरची रिकामी ओळ : वायदेबाजारातील तक्रारीचा एक इतिहास

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमचा एक माजी विद्यार्थी एक अर्ज घेऊन आमच्याकडे आला. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडच्या शिवारात त्याची शेती आहे; कापूस, सोयाबीन आणि पाणी असेल त्या वर्षी थोडा ऊस. एम.ए. मराठीच्या वर्गात तो आम्हा दोघांचाही विद्यार्थी होता. नोकरीचे जमले नाही म्हणून गावी परतला आणि बापाच्या जोडीने शेतीत रमला, असे आम्ही समजून होतो. अर्ज फुलस्केप कागदाच्या साडेतीन पानांचा, सुवाच्य अक्षरात लिहिलेला. ‘सर, मॅडम, भाषा तेवढी बघा,’ एवढेच तो म्हणाला. भाषेत हात घालण्यासारखे फारसे नव्हते. दिनांक, विषय, ‘महोदय’, ‘वरील विषयास अनुसरून’ हे सारे जागच्या जागी होते. रिकामी होती ती एकच ओळ. ‘प्रति’ ह्या शब्दापुढे स्वल्पविराम होता आणि त्याखाली दोन बोटे कोरी जागा सोडलेली होती.

‘इथं कोणाचं नाव घालू?’ हा त्याचा खरा प्रश्न होता. भाषा तपासून घेणे हे निमित्त.

अर्जातील हकिकत थोडक्यात सांगतो. सव्वा वर्षापूर्वी त्याला एक फोन आला. बोलणारी व्यक्ती हिंदीत, अत्यंत आदबीने बोलत होती. आपण वायदेबाजारातील नोंदणीकृत सल्लागार आहोत, सौद्याच्या सूचना रोज मोबाइलवर पाठवू, पहिले तीन दिवस फुकट, असे तिने सांगितले. पहिल्या सूचना सरकी पेंडीच्या होत्या. घरी दोन म्हशी आहेत, पेंडीचा भाव तोंडपाठ आहे. त्यामुळे हा माणूस आपल्या ओळखीच्या वस्तूविषयी बोलतो आहे असे त्याला वाटले. तीन दिवस भाव सांगितल्याप्रमाणे हलला. मग नऊ हजारांची ‘सेवा’, नंतर पंचवीस हजारांची ‘विशेष सेवा’, मग पेंड सुटून चांदी, चांदी सुटून कच्चे तेल. तोटा होऊ लागला तेव्हा ‘तुम्ही सौदे उशिरा टाकता, रक्कम आमच्याकडेच द्या, आम्ही चालवू’ असा प्रस्ताव आला. शुल्क आणि तोटा मिळून दोन लाख सत्तर हजार रुपये गेल्यावर फोन लागेनासा झाला. अर्जाच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य होते, ते त्याने दोनदा खोडून तिसऱ्यांदा पुन्हा लिहिले होते: ह्यात माझ्या लोभाचाही भाग आहे.

साहित्य शिकवणाऱ्यांनी अशा प्रसंगी काय करावे? आम्हांला वायदेबाजाराचे शास्त्र येत नाही. पण ही कोरी ओळ कोरी का राहिली, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग महाराष्ट्रात, त्यातही मुंबईत, घडलेला आहे. तो शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो आहोत.

विषयाच्या सवयीने आम्ही आधी शब्दांकडे गेलो. ‘तक्रार’ हा शब्द मराठीत फारसीवाटे आला, मूळ अरबी. अरबीत त्याचा अर्थ आहे पुनरुक्ती, तेच ते पुन्हा म्हणणे. वादात माणूस आपलेच म्हणणे पुन्हा पुन्हा सांगतो, त्यावरून भांडण, हरकत, गाऱ्हाणे असा अर्थाचा प्रवास झाला असावा. ‘फिर्याद’ ही फारसी. तिचा मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. ‘वायदा’ म्हणजे वचन, हा शब्दही मूळचा अरबीच. ‘दलाल’ही त्याच घरचा, मूळ धातूत वाट दाखवण्याचा भाव आहे. म्हणजे बाजाराचे शब्द आणि बाजारात बुडालेल्याचे शब्द एकाच वाटेने, बहुधा एकाच दप्तरातून, आपल्याकडे आले. ‘सल्लागार’ हा शब्द मात्र ह्या व्यवहारात फार उशिरा आला, आणि आमच्या विद्यार्थ्याची अडचण पुष्कळशी ह्या उशिरातून निर्माण झालेली आहे.

मुंबईतील वायद्यांचे पहिले मोठे प्रकरण अमेरिकन यादवी युद्धाचे. १८६१ साली युद्ध सुरू झाले, अमेरिकेचा कापूस लँकेशायरला पोचेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले. आलेला पैसा मुंबईत बँकांच्या, वित्तकंपन्यांच्या आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांच्या भागांत शिरला. प्रेमचंद रायचंद ह्या दलालाचे नाव ह्या काळाशी कायमचे जोडले गेले आहे. (मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असते, तो पैसा कोणत्या हंगामातला, हे त्यांना क्वचितच माहीत असते.) एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनेने शस्त्रे खाली ठेवली आणि कापसाचा भाव कोसळला. त्या वेळी मुंबईत मुदतीचे असंख्य सौदे १ जुलै १८६५ ह्या दिवसावर बांधलेले होते. तो दिवस शनिवारचा होता. देणे कोणालाच शक्य नव्हते, कारण येणे कोणाकडूनच येत नव्हते. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली आणि १८६८ साली तिच्यासाठी चौकशी आयोग नेमला गेला. सर दिनशा वाच्छा ह्यांनी १९१० साली ह्या प्रकरणावर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिले.

ह्या बुडीत सामान्य माणसाने कोठे जावे? त्याच १८६५ साली मुंबई इलाख्यात पैजेच्या व्यवहारांविषयीचा तिसरा कायदा झाला. पैजेचा करार तर निरर्थक, पण त्या पैजेला पूरक असा कोणताही करार, म्हणजे दलालाशी केलेलाही, न्यायालयात टिकणार नाही, असे त्याने ठरवले. पुढे १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने पैजेचा करार सर्व हिंदुस्थानात शून्यवत ठरवला. हेतू चांगला होता. जुगाराला न्यायालयाची मदत मिळू नये. परिणाम मात्र दुधारी झाला. दलाल आपली दलाली वसूल करू शकत नव्हता हे खरे, पण त्याच्या शब्दावर विसंबून बुडालेला माणूसही फारसे काही मागू शकत नव्हता. मालाची ने-आण करण्याचा दोघांचा खरा इरादा होता की केवळ भावातील फरक देण्याघेण्याचा, ह्यावर सारा खटला फिरे. इरादा सिद्ध करायचा कसा, हे वकिलांना ठाऊक. शेतकऱ्याला किंवा एखाद्या पेढीवरच्या कारकुनाला नव्हे.

ह्यानंतरच्या एका वर्षापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ते वर्ष १८७५. मुंबईत त्या वर्षी बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली. हिंदुस्थानातील संघटित वायदेबाजाराचा आरंभ तेथून मानतात. सौद्यांचे नियम, मुदती, मालाची प्रत आणि तंटा झाल्यास लवाद, हे सारे सभासदांनी सभासदांसाठी बांधून घेतले. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले आणि दंगे पुण्या-नगरच्या इतर गावांत पसरले. युद्धानंतर पडलेला कापसाचा भाव हे ह्या दंग्यांचे एक कारण होते असे पुष्कळ इतिहासकार मानतात. ते कितपत खरे ह्यावर मतभेदही आहेत, कारण दंगे झाले ती बहुतेक गावे कापसाची नव्हती. तो वाद येथे नको. आम्हांला दिसते ते एवढेच की एकाच वर्षी बाजारातल्या माणसाने स्वतःसाठी तंटा मिटवण्याची जागा बांधली आणि बाजाराच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला, कागद लिहिण्यासारखी जागाच न सापडल्याने, कागद जाळावे लागले. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातून आला, पण तो सावकारी कर्जापुरता. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केले. कचेरीत, कारकुनापुढे, वकिलापुढे शेतकऱ्याचे काय होते ह्याचा तो त्या काळचा सर्वांत जवळून केलेला पाहणी-अहवाल आहे असे आम्हांला वाटते. विद्यार्थ्यांना तो आम्ही गद्यशैलीसाठी शिकवतो. ह्या अर्जानंतर जरा वेगळ्या डोळ्यांनी शिकवू.

आता दिंद्रुडचा विचार करावा, कारण मुंबई इलाख्याचे हे सारे कायदे दिंद्रुडला लागू नव्हतेच. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कापूस मात्र सरहद्द जुमानत नव्हता. मराठवाड्यातून गोदावरी खोऱ्याची रेल्वे गेल्यावर जालना, सेलू, परभणी ह्या पेठांचा कापूस मुंबईकडे चालू लागला आणि मुंबईतील वायद्याचा भाव ह्या पेठांवर उमटू लागला. वचन मुंबईत दिले जाई, त्याची झळ निजामी मुलखात बसे. पण मुंबईच्या संस्थेपुढे उभे राहण्याचा अधिकार येथल्या शेतकऱ्याला नव्हता. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची जी सोय त्या काळी सुचली ती शेतमालाच्या पेठेची. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा, आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६३ साली आजच्या बाजार समित्यांचा. तेथे वजनात मारलेले माप, कापलेली कडता, थकवलेली पट्टी ह्यांविषयी दाद मागता येते. आमच्या विद्यार्थ्याने पहिला विचार बाजार समितीचाच केला होता. पेंड समितीच्या आवारात विकली जाते, मग पेंडीच्या सौद्यात फसलो तर तेथेच जावे, हे तर्काला धरून आहे. पण समितीचा अधिकार आवारात प्रत्यक्ष आलेल्या मालापुरता. फोनवरून विकलेल्या सल्ल्याला आवार नसते.

१९४८ साली मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला. तोपर्यंत मुंबईचा वायदेबाजार बऱ्याच वळणांवरून गेलेला होता. पहिल्या महायुद्धातील सट्ट्यानंतर १९२२ साली मुंबई कापूस करार नियंत्रण कायदा झाला आणि ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन ही एकच संस्था मान्य ठरली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली वायदे करार नियमन कायदा देशभर आला आणि १९५३ साली वायदे बाजार आयोग मुंबईत स्थापन झाला. ह्या १९५२ च्या इंग्रजी कायद्यातील एक व्याख्या भाषेच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावी. भावाच्या पर्यायी सौद्यांची व्याख्या करताना कायदेकर्त्यांनी ‘तेजी’, ‘मंदी’, ‘तेजी-मंदी’ आणि ‘गल्ली’ हे बाजारातले शब्द जसेच्या तसे इंग्रजी मजकुरात घेतले आहेत. पेढीवरची बोली थेट संसदेच्या कायद्यात जाऊन बसली. १९५६ च्या रोखे करार कायद्यातही ते शब्द आहेत. गल्लीलाही व्याख्या मिळाली. त्याच कायद्यात ‘सल्लागार’ कोठे नाही. ह्यात आश्चर्य नाही. तेव्हा सल्ला ही वेगळी विकायची वस्तूच नव्हती. तो दलालाच्या, मुनिमाच्या, अडत्याच्या तोंडून दलालीबरोबर फुकट मिळे, आणि चुकला तर शिव्या देण्यासाठी माणूस समोर असे.

दुसरी एक गाठ राज्यघटनेतच पडलेली आहे. सातव्या अनुसूचीत ‘रोखे बाजार व वायदे बाजार’ हा विषय केंद्राच्या सूचीत, अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावर आहे. ‘पैज व जुगार’ हा राज्याच्या सूचीत, चौतिसाव्या क्रमांकावर. व्यवहार एकच; तो मान्यताप्राप्त बाजारात झाला तर दिल्लीचा, बाहेर झाला तर राज्याच्या पोलिसांचा. बाहेरचा व्यवहार म्हणजे बाजारबोलीतला ‘डब्बा’. बुडालेल्या माणसाला आपला सौदा आत झाला की बाहेर, हेच पुष्कळदा माहीत नसते. ते कळण्यासाठीच त्याला कोणाला तरी विचारायचे असते.

आणि विचारण्याची लाज वाटते, ह्याचेही एक ऐतिहासिक कारण आहे. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडते व बंद होते भाव तारेने येत आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले. मग आकडे मडक्यातून, म्हणजे मटक्यातून, निघू लागले आणि महाराष्ट्रभर पसरलेला मटका जन्मला. कापूस गेला, आकडा राहिला. १९६६ नंतर कापसासह बहुतेक शेतमालाचे वायदे बंद करण्यात आले आणि आयोगाकडे लक्ष ठेवण्यासारखे फारसे उरले नाही. महाराष्ट्रात तर १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. भाव सरकारच ठरवू लागले. ह्या तीन-साडेतीन दशकांत मराठवाड्यातील दोन पिढ्या अशा वाढल्या, ज्यांच्या दृष्टीने ‘वायदा’ आणि ‘सट्टा’ म्हणजे मटक्याच्या टपरीवरची गोष्ट होती. आमचा विद्यार्थी पोलीस ठाण्यात गेला नव्हता तो ह्यामुळे. ‘गावात म्हणतील, सट्ट्यात बुडाला,’ हे त्याचे शब्द. वडिलांना त्याने विहिरीच्या मोटारीसाठी पैसे गेले असे सांगितले होते.

२००३ साली बंदी उठली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत दोन राष्ट्रीय वस्तुबाजार संगणकावर सुरू झाले आणि कोणत्याही गावातून, कोणत्याही वस्तूचा सौदा टाकता येऊ लागला. पुढचा इतिहास चालू-बंदचा आहे: २००७ च्या आरंभी तूर व उडीद, पाठोपाठ गहू व तांदूळ ह्यांचे वायदे बंद झाले, २०२१ च्या डिसेंबरात सोयाबीन, हरभऱ्यासह सात वस्तूंचे स्थगित झाले आणि त्या स्थगितीला पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते ह्या काळात सल्ल्याचे स्वतंत्र दुकान झाले ते. मोबाइल स्वस्त झाला, संदेश फुकट झाले आणि ‘टिप’ विकणाऱ्या पेढ्या उभ्या राहिल्या. इंदूर हे त्यांचे एक मोठे ठाणे. (एके काळी कापसाचा राजा म्हणून ओळखले गेलेले सर हुकुमचंद शेठही इंदूरचेच, हा योगायोग.) वायदे बाजार आयोगाचे हात बाजारसंस्थांपर्यंत पोचत, सल्ला विकणाऱ्याची नोंदणी करण्याची तरतूद त्याच्या कायद्यात नव्हती. आयोगाला अधिक अधिकार देणारी दुरुस्ती २००८ साली वटहुकुमाने आली आणि मुदतीत संमत न झाल्याने गळून पडली. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानेच वायद्याच्या सल्लागाराला वेगळा घटक मानून नोंदणीखाली आणले होते, आणि त्याच्याविरुद्ध भरपाई मागण्याची एक स्वतंत्र वाट ठेवली होती. त्या देशात फसवणूक थांबली असे नाही. पण अर्जावर ‘प्रति’ च्या खाली लिहायला एक नाव होते.

आपल्याकडे ही उणीव कशी उघडी पडली ते नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात दिसते. ३१ जुलै २०१३ रोजी त्या बाजाराने व्यवहार थांबवले. सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. बाजार नावाने ‘तत्काळ’ मालाचा, आणि २००७ च्या एका सवलतीच्या आधारे चालणारा. तेव्हा त्याच्यावर नेमकी देखरेख कोणाची, येथूनच प्रश्न सुरू झाला. गुंतवणूकदार आयोगाकडे गेले, मंत्रालयाकडे गेले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेले, उच्च न्यायालयात गेले. ज्यांच्या शब्दावर पैसे लावले त्या दलाल संस्थांचे काय, हा प्रश्न त्याहून सावकाश चालला. २०१९ साली सेबीने पाच दलाल संस्थांना ‘योग्य व पात्र’ नाही असे ठरवले. २०२२ साली अपील न्यायाधिकरणाने ती प्रकरणे पुन्हा विचारासाठी परत पाठवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बाजार महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली येतो असा निर्वाळा दिला. म्हणजे घटनेला नऊ वर्षे होत आली तेव्हा कोणत्या कायद्याचे दार ठोठावायचे ह्यातला एक भाग निश्चित झाला. तक्रार म्हणजे पुनरुक्ती, ह्याचा इतका शब्दशः पुरावा आम्हांला अन्यत्र सापडला नाही.

ह्या प्रकरणाने एक केले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी वायदे बाजार आयोग सेबीत विलीन झाला आणि वस्तूंचे वायदे कायद्याने ‘रोखे’ ठरले. सेबीने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी केलेले विनियम त्यामुळे वायद्याच्या सल्ल्यालाही लागू झाले. मुंबईत पहिली संघटित संस्था झाल्यापासून एकशेचाळीस वर्षांनी ‘सल्लागार’ हा शब्द वायदेबाजाराच्या कायद्यात आला. ह्या विनियमांप्रमाणे नोंदणीशिवाय पैसे घेऊन सल्ला देता येत नाही. ग्राहकाची जोखीम पेलण्याची ऐपत आधी तपासावी लागते, लेखी करार करावा लागतो, सल्ल्याच्या नोंदी पाच वर्षे ठेवाव्या लागतात, आणि नफ्याची हमी देता येत नाही. सौद्याचे पैसे सल्लागाराने स्वतःच्या खात्यात घेणे तर नियमाच्या पूर्ण बाहेरचे. आमच्या विद्यार्थ्याला हे वाचून दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याच्याकडून ह्यातले काहीच विचारले गेले नव्हते. जोखमीचा तक्ता मात्र त्याच्या नावाने कोणी तरी परस्पर भरून त्याला पाठवला होता. त्यात त्याचे वार्षिक उत्पन्न पंधरा लाख दाखवले होते.

तेव्हा आज ‘प्रति’ च्या खाली काय लिहायचे? सल्लागार खरोखर नोंदणीकृत असेल तर आधी त्याच्याकडेच लेखी तक्रार करावी. उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ ह्या संगणकीय तक्रारव्यवस्थेत नोंदवावी. ती २०११ पासून आहे, एप्रिल २०२४ मध्ये नव्याने रचली गेली. घटना घडल्यापासून एका वर्षाच्या आत तेथे जावे लागते, हे फार जणांना उशिरा कळते. सल्लागाराने २१ दिवसांत उत्तर द्यायचे. ते पटले नाही तर १५ दिवसांत पहिल्या पुनर्विलोकनाची मागणी करायची, तेही न पटल्यास दुसऱ्या, म्हणजे थेट सेबीकडच्या. त्याशिवाय २०२३ पासून संगणकावरूनच सलोखा व लवाद करण्याची ‘स्मार्ट ओडीआर’ ही वेगळी सोय आहे. १८०० २२ ७५७५ आणि १८०० २६६ ७५७५ हे सेबीचे बिनखर्ची दूरध्वनी. तेथे मराठीतून विचारता येते. तक्रार सल्लागाराविरुद्ध नसून सौदे टाकणाऱ्या दलालाविरुद्ध असेल तर तिची वाट ज्या बाजारात सौदा झाला त्या बाजाराच्या गुंतवणूकदार सेवा कक्षातूनही जाते.

सल्लागार नोंदणीकृत नसेल तर मात्र ही सारी पायरी उपयोगाची नाही. सेबीला कळवावे जरूर, पण ती माहिती ठरते. पैसे परत मागण्याची वाट पोलिसांकडून जाते. पैसे संगणकीय मार्गाने गेले असतील तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ आहे, जुन्या ‘चारशेवीस’चे नवे रूप. (चारशेवीस हा शब्द भाषेतून जाणार नाही, तीनशे अठरा कोणाच्या तोंडी बसेल?) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. इंदूरला किंवा मुंबईला जाण्याची गरज नाही.

एवढे सगळे कळल्यावर आम्ही तिघे संगणकासमोर बसलो. सल्लागाराने पाठवलेल्या पावत्यांवर ‘आयएनए’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला होता. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत सल्लागारांची यादी असते, तेथे तो क्रमांक शोधला. सापडला. क्षणभर आम्हांला हायसे वाटले. मग नाव वाचले. ते भलत्याच व्यक्तीचे होते, भलत्याच राज्यातील. खऱ्या सल्लागाराचा क्रमांक उचलून कोणी तरी आपल्या पावतीवर छापला होता. ‘स्कोअर्स’ वर त्या क्रमांकाविरुद्ध तक्रार नोंदवली असती तर ती ज्याचा ह्यात काही संबंध नाही अशा माणसाच्या दारात जाऊन पडली असती, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहण्यात आमच्या विद्यार्थ्याचे एकवीस दिवस गेले असते. हा क्रमांक त्याने सव्वा वर्षापूर्वी का तपासला नाही, असे आमच्या मनात आले. मग आठवले की आम्हांलाही ही यादी असते हे त्याच आठवड्यात कळले होते.

अर्जाची फेरमांडणी करायला दोन तास लागले. साडेतीन पानांची दीड पाने झाली. मनःस्तापाची वाक्ये आम्ही काढली. त्या जागी तारखा, रकमा, ज्या खात्यांत पैसे गेले त्यांचे क्रमांक, फोनचे क्रमांक आणि संदेशांच्या छापील प्रती आल्या. साहित्याच्या शिक्षकांनी स्वतःच्या विद्यार्थ्याच्या लेखनातून नेमके लेखनच काढून टाकावे, ह्याची आम्हांला गंमत वाटली आणि थोडा खेदही. लोभाचे ते वाक्य काढावे की ठेवावे ह्यावर आमच्यात मतभेद झाला. एकाचे म्हणणे, कायद्याच्या कागदात त्याला जागा नाही, उलट समोरचा त्याचा फायदा घेईल. दुसरीचे म्हणणे, सबंध अर्जात तेवढेच एक वाक्य कोणत्याही नमुन्यातून उतरवलेले नाही. शेवटी त्यानेच ते खोडले. ‘ते घरी सांगतो,’ म्हणाला.

मग ‘प्रति’ च्या खाली त्याने लिहिले: मा. प्रभारी अधिकारी, पोलीस ठाणे, दिंद्रुड. त्याखाली, ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून, सेबीचे वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालय. एक प्रत पोहोच घेण्यासाठी स्वतःकडे ठेवायची, तिच्यावर शिक्का आणि तारीख घ्यायची, हे त्याला सांगितले. माजलगावची शेवटची गाडी पकडायची म्हणून तो चहा न घेताच निघाला.